हलका बुडबुडा काचेला चिकटून का बसतो?

प्रश्न थोडक्यात असा: रात्री काचेच्या ग्लासात पाणी भरून ठेवलं, सकाळी आतून काचेला बारीक बारीक बुडबुडे लागलेले. सातवीतली लेक विचारते, हवा पाण्यापेक्षा हलकी, मग हे वर का जात नाहीत? जोडप्रश्न वडिलांचा: सोसायटीत एक विक्रेता 'नॅनोबबल' पाण्याचं यंत्र घेऊन आला होता, त्यातले बुडबुडे म्हणे महिनोन् महिने टिकतात. यात तथ्य किती?

मी खनिज प्रक्रियेत २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी फ्लोटेशन सेलच्या, म्हणजे दळलेल्या दगडातलं खनिज बुडबुड्यांवर तरंगवून वेगळं करायच्या टाकीच्या, काठाशी उभी राहून. बुडबुड्याला दगडाची पूड चिकटली तर ठीक, नाही चिकटली तर वरच्यांची बोलणी, असा हा धंदा. त्यामुळे लेकीचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. तिचं उत्तर आधी देते, कारण वडिलांच्या प्रश्नालाही तेच लागू पडतं. बुडबुडा वर जाईल की बसून राहील, हे नुसत्या हलकेपणावर ठरत नाही. तो काचेला जिथे टेकलाय त्या कडेवर ठरतं. काच, पाणी आणि वायू हे तिघं जिथे एकत्र भेटतात, ती केसाहून बारीक गोल रेघ. आमचा सगळा खेळ त्या रेघेचा.

आता जरा मागून सुरुवात करू. हा वायू आला कुठून? नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असतेच. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, नायट्रोजन त्याहून जास्त. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, वायूचं बरोबर उलटं. १० अंशांना ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन, ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे १० अंशांवर पोटभर हवा घेतलेलं लिटरभर पाणी ३० अंशांवर आलं, की त्यातला जवळजवळ ३ मिलिलिटर ऑक्सिजन त्याला जड होतो. बराचसा वरच्या उघड्या पृष्ठभागातून गुपचूप निघून जातो, उरलेला काचेवर दिसतो. शिवाय नळाच्या पाइपात दाब असतो, आणि दाबाखाली वायू जास्त विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्येच मांडून ठेवलंय. ग्लासात आल्यावर तो दाब सुटतो. चहाचं आधण ठेवल्यावर पातेल्याच्या बुडाशी उकळीच्या खूप आधी जे बारीक मणी दिसतात, तीही हीच हवा. वाफ नव्हे.

पण जास्तीचा वायू पाण्याच्या मध्येच का फुटून निघत नाही? काचेलाच का? इथे एक आकडा डोक्यात ठेवा. बुडबुडा जितका लहान, तितका पाण्याचा पृष्ठताण त्याला जास्त आवळतो. १ मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात बाहेरच्यापेक्षा दाब फक्त १४४ पास्कल जास्त, म्हणजे नगण्य. त्रिज्या १ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) झाली की जादा दाब वातावरणाच्या जवळजवळ दीडपट. १० नॅनोमीटरला (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचाही हजारावा भाग) १४० पटींच्या वर. आणि प्रत्येक बुडबुडा जन्मतो तेव्हा लहानच असतो! जन्मताच एवढा दाब सोसायला लागणार असेल तर तो जन्मणारच नाही, फुटण्याआधीच विरघळून जाईल. स्वच्छ पाण्याच्या पोटात आपोआप बुडबुडा निघायला वायू शेकडो पट जास्त भरलेला लागतो. ग्लासातलं पाणी त्याच्या जवळपासही नसतं.

म्हणून बुडबुड्याला तयार घर लागतं. काचेवर सूक्ष्म ओरखडे असतात, खाचा असतात, सुती फडक्याने पुसल्यावर राहिलेले तंतू असतात. पाणी ओतताना ते या खाचांच्या तळापर्यंत पोचत नाही, थोडी हवा आत अडकून राहते. ती हवा म्हणजे विरजण. पाण्यातला जास्तीचा वायू तिच्यात येऊन मिळतो, खाचेच्या तोंडातून बुडबुडा फुगत बाहेर येतो, सुटतो, आणि थोडी हवा मागे ठेवून जातो. पुन्हा पुढचा. सोड्याच्या ग्लासात एकाच जागेवरून मण्यांची माळ सुटताना दिसते ती अशीच. शॅम्पेनच्या ग्लासात हे बारकाईने पाहिलं गेलंय. फ्रान्समधल्या रीम्स विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर यांनी वेगवान कॅमेरे लावून दाखवलं, की बहुतेक माळा काचेतून निघतच नाहीत, काचेला चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या पोकळ तंतूंमधून निघतात. तंतूच्या पोटात हवा अडकलेली असते. ग्लास नीट घासून हवेवर वाळवला तर त्याच पेयाच्या माळा कमी होतात.

केमिस्ट्रीची प्रयोगशाळा केलेल्या कुणालाही यातली गंमत हातची ठाऊक असेल. द्रव उकळताना फ्लास्कमध्ये चिनी मातीचे खरबरीत तुकडे टाकतात, नाहीतर द्रव उसळून अंगावर येतो. आमच्याकडे नव्या मुलांना पहिली ताकीद ही, की उकळणं थांबून फ्लास्क थंड झाला तर जुने तुकडे पुन्हा चालायचे नाहीत, नवे टाका. आणि द्रव थंड असतानाच टाका, उकळायच्या बेतातल्या द्रवात नव्हे. कारण थंड होताना तुकड्यांच्या छिद्रांतली वाफ आटते, द्रव आत शिरतो, विरजण संपतं. तुकडा तोच, खरबरीतपणा तोच, पण आता त्याचा उपयोग नाही. खाच असून भागत नाही, खाचेत हवा लागते.

आता लेकीचा मूळ प्रश्न. बुडबुडा तयार झाला, डोळ्यांना दिसण्याइतका मोठा झाला, तरी बसून का?

हिशोबच करू. १ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा. पाण्याने त्याला वर ढकलायचा जोर किती? त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका, म्हणजे साधारण अर्धा मिलिग्रॅम. आता समजा तो ग्लासच्या तळाला ०.२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात टेकलाय. त्या वर्तुळाचा परीघ सुमारे ०.६ मिलिमीटर. पाण्याचा पृष्ठताण त्या परिघावर सगळीकडून ओढ लावतो. पाण्याची बाजू काचेशी तिरकी ३० अंशांत असेल, तर खाली धरून ठेवणारा जोर दोन-सव्वादोन मिलिग्रॅमच्या घरात जातो. बुडबुड्याच्या आतला दाब त्याला थोडा वर रेटतो, तो वजा केला तरी पकड वरच्या ढकलण्याच्या दुप्पट-अडीचपट राहते. म्हणून तो बसून राहतो.

मग तो वाढतो. व्यास दुप्पट झाला की वर ढकलणारा जोर आठपट होतो, कारण तो आकारमानाचा आहे. पकड मात्र परिघाची, ती फार तर दुप्पट. कधीतरी आठपट दुप्पटीवर मात करते, आणि तेव्हा बुडबुडा सुटतो. उकळत्या पाण्यातले बुडबुडे किती मोठे होऊन सुटतात याचं सूत्र फ्रिट्झ यांनी १९३५ मध्ये दिलं. त्यात स्पर्शकोन, म्हणजे पाण्याची बाजू पृष्ठभागाशी करते तो कोन, हाच मुख्य. नॉनस्टिकच्या पातेल्यात पाणी तापवून पाहा. स्टीलच्या मानाने बुडबुडे मोठे, पसरट, आणि सुटायला आळशी. टेफ्लॉनला पाणी आवडत नाही, म्हणून हवा तिथे पाय पसरून बसते. अगदी स्वच्छ, तेलाचा अंशही नसलेल्या काचेवर उलट, पाणी बुडबुड्याच्या खाली शिरून त्याला उचकटून काढतं.

उभ्या भिंतीवरच्या बुडबुड्यासाठी हिशोब थोडा वेगळा. त्याला काचेपासून दूर ओढलं जात नाहीये, काचेवरून वर सरकवलं जातंय. पावसात बसच्या काचेवर थेंब अडकतो, तोच प्रकार उलटा. भिंग घेऊन बाजूने पाहा, बुडबुडा जरा वर झुकलेला दिसेल, वरच्या कडेचा कोन एक आणि खालच्या कडेचा वेगळा. या दोन कोनांतला फरक म्हणजेच त्याची पकड. काच एकदम गुळगुळीत आणि सगळीकडे सारखी असती, तर दोन्ही कोन सारखे झाले असते आणि बुडबुडा सरळ वर निघून गेला असता. काच तशी नसते. बोटांचे ठसे, साबणाचा थर, क्षारांचे डाग, सगळं त्या रेघेला अडखळवतं. रेघ अडली की बुडबुडा अडला.

या अडण्यावर आमचं पोट चालतं. महाराष्ट्राला लागून, बालाघाट जिल्ह्यात, मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तिथल्या दगडात तांबं टक्काभर. दगड मैद्यासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात झँथेट नावाचं रसायन अगदी थोडं घालायचं. झँथेटचं एक टोक तांब्याच्या खनिजकणाला धरतं आणि दुसरं तेलकट टोक बाहेर राहतं. कणाला पाणी नकोसं होतं, साध्या दगडाच्या कणाला होत नाही. खालून हवा सोडली की बुडबुडे तांब्याचे कण उचलून वर फेसात आणतात, बाकी चिखल खाली. टक्काभराचं वीस-पंचवीस टक्के होतं. जगभर सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजं अशीच निघतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये जस्ताच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली.

सेलच्या काठावरून फेस पाहून अंदाज घेणं हे आमच्यातल्या जुन्या ऑपरेटरांचं काम. त्यांना स्पर्शकोन हा शब्द माहीत नसायचा. फेसाचा बुडबुडा तळहातावर घ्यायचे, फुटल्यावर हातावर काळपट चकाकी राहिली तर म्हणायचे, 'माल धरतोय.' नुसतं पाणी राहिलं तर कलेक्टर, म्हणजे झँथेट, वाढवा. मी पदवी घेऊन गेले होते, आणि पहिली दोन वर्षं त्यांचा तळहात माझ्या मोजणीपेक्षा आधी बरोबर यायचा.

बुडबुडा कणावर आदळतो तेव्हा दोघांत पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो फाटून रेघ तयार व्हायला काही मिलिसेकंद लागतात. बुडबुडा तेवढ्यात घसरून पुढे गेला तर कण हातचा गेला. २० मायक्रोमीटरहून बारीक कण तर प्रवाहाबरोबर बुडबुड्याला वळसा घालून निघून जातात, आदळतच नाहीत. इथेच अतिसूक्ष्म बुडबुड्यांची गोष्ट सुरू होते, आणि वडिलांच्या प्रश्नाचीही. कणाच्या अंगावर आधीच हवेचे बारीक ठिपके बसलेले असतील तर मोठ्या बुडबुड्याला पापुद्रा फाडावा लागत नाही, हवा हवेला मिळते. पाण्यात हवा जास्त विरघळलेली असली की बारीक कण बरे तरंगतात, याचं एक स्पष्टीकरण हे.

पण असे ठिपके असू शकतात का? जुना हिशोब म्हणतो, नाही. एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी १९५० मध्ये बुडबुडा विरघळायला किती वेळ लागतो याचं गणित मांडलं. हवेने भरलेल्या पाण्यातही १० मायक्रोमीटर त्रिज्येचा सुटा बुडबुडा काही सेकंदांत जातो. १०० नॅनोमीटरचा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. कारण मघाचंच: लहान झाला की दाब वाढतो, दाब वाढला की वायू बाहेर पळतो, आणखी लहान होतो. उतारावरची गाडी.

आणि तरीही ते सापडले. १९९४ मध्ये पार्कर, क्लॅसन आणि अटार्ड यांनी पाण्यात दोन जलविरोधी पृष्ठभाग जवळ आणताना बलाची मोजणी केली, तर बल सलग न बदलता पायऱ्या-पायऱ्यांनी बदललं, जणू मध्ये बुडबुडे जोडले जातायत. २००० साली जपानी आणि चिनी गटांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाने (अतिबारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या उपकरणाने) त्यांची चित्रंच काढली. उंची १० ते १०० नॅनोमीटर, रुंदी उंचीच्या कितीतरी पट. गोल मणी नव्हेत, तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारखे. आणि मिलिसेकंद नव्हे, तास, दिवस टिकणारे.

कोडं पंधराएक वर्षं चाललं. मला पटलेलं उत्तर डेटलेफ लोझे आणि शुएहुआ झांग यांचं, २०१५ चं. ते पुन्हा त्या रेघेवरच येतं. सुट्या बुडबुड्यातून वायू गेला की त्रिज्या कमी होते. पण पृष्ठभागावरच्या बुडबुड्याची कड खाचेत किंवा डागात अडकलेली असेल, तर वायू गेला तरी पाय तिथेच राहतो. बुडबुडा आकसत नाही, चपटा होतो. चपटा झाला की त्याच्या घुमटाची वक्रता कमी होते, म्हणजे वक्रतेची त्रिज्या वाढते, आणि दाब वाढायच्या ऐवजी घटतो. गाडी उतारावर नाही, खळग्यात आहे.

आकड्यात पाहा. २०० नॅनोमीटर रुंद पाया आणि १० नॅनोमीटर उंची असलेला चपटा बुडबुडा. त्याच्या घुमटाची त्रिज्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणून आतला जादा दाब फक्त २.८ वातावरणं. तेवढ्याच आकारमानाचा सुटा गोल बुडबुडा केला, तर त्रिज्या ३३ नॅनोमीटर आणि जादा दाब ४० वातावरणांच्या वर. पहिल्याला जगायची आशा आहे, दुसऱ्याला नाही.

मात्र एक अट राहते. पाण्यात वायू थोडा जास्तीचा हवाच. तो संपला की चपटा होत होत बुडबुडा सपाट होऊन जाणार. प्रयोगशाळेत हे जास्तीचं प्रमाण आणायची नेहमीची युक्ती म्हणजे पृष्ठभागावर आधी इथेनॉल घालायचं, मग त्याला पाण्याने हटवायचं. इथेनॉलमध्ये हवा जास्त विरघळते, पाणी आलं की ती बेघर होते आणि पृष्ठभागावर बसते.

याच अटीने आम्हा बऱ्याच जणांना उघडं पाडलं. मीही काही महिने एका प्रयोगशाळेत ग्रॅफाइटच्या कापावर हे बुडबुडे पाहिले. सुंदर गोल ठिपके, रोज येणारे. मग एकाने सुचवलं की वरून हवा काढून टाकलेलं पाणी सोडून पाहा. सोडलं. ठिपके हलले नाहीत. रात्रभर सोडलं, सकाळी तसेच. हवाच असती तर विरघळून जायला हवी होती. आम्ही पाणी भरायला डिस्पोजेबल सुई वापरत होतो, आणि तिला सिलिकॉन तेलाचा हात असतो. ते आमचे बुडबुडे. पुढे नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये हीच चूक जाहीर मांडली, तेव्हा जरा बरं वाटलं, आपण एकटेच मूर्ख नव्हतो म्हणून. याचा अर्थ सगळेच ठिपके तेलाचे असा नाही. २००७ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे असे बुडबुडे करून त्यांचा इन्फ्रारेड वर्णपट घेतला गेला, आणि त्यात वायूतच उमटणाऱ्या खुणा मिळाल्या. तेव्हापासून माझ्याकडे काम करणाऱ्याने काचेची पिचकारी वापरायची, आणि ठिपके दिसले की आधी हवा काढलेलं पाणी सोडायचं. उत्सव नंतर.

आता ते यंत्र. वर सांगितलेलं सगळं पृष्ठभागावर बसलेल्या बुडबुड्यांचं आहे, ज्यांना अडकायला कड मिळते. विक्रेता सांगतो ते पाण्याच्या मध्ये, काहीही न धरता तरंगणाऱ्या बुडबुड्यांचं. त्यांना कड नाही. ते महिनोन् महिने कसे टिकतात यावर वैज्ञानिकांत वाद आहे, आणि माझं मत संशयाचं आहे. विक्रेते पुरावा म्हणून लेझरने केलेली कणांची मोजणी दाखवतात. ते उपकरण कण मोजतं, कण हवेचा की तेलाचा की पंपाच्या झिजेचा हे सांगत नाही. तुम्ही एकच विचारा: या पाण्यातली हवा पंपाने काढून टाकल्यावर मोजणी किती राहिली? आणि ते कण वर तरंगतात की खाली बसतात हे पाहिलंय का? उत्तर नसेल तर पिण्याच्या पाण्यासाठी पैसे घालू नका. सांडपाण्याच्या किंवा मत्स्यशेतीच्या टाकीत बारीक बुडबुडे सोडून ऑक्सिजन वाढवणं ही वेगळी आणि खरी गोष्ट आहे. तिथे मायक्रोमीटरमधले बुडबुडे लागतात, ते सावकाश वर जातात आणि जाता जाता विरघळतात. म्हणजे तिथे ते न टिकणं हाच फायदा.

लेकीसाठी एक करा. काचेचा ग्लास भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, वाळू द्या. आतून एका बाजूला खोबरेल तेलाचं बोट उभं ओढा, दिसेल न दिसेल इतकंच. उघड्या भांड्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं पाणी हलक्या हाताने ओता आणि ग्लास खोलीत ठेवून द्या. तीन-चार तासांनी तेलाच्या पट्ट्यावर आणि स्वच्छ काचेवर किती बुडबुडे आहेत, कसे बसलेत, ते तिला भिंगाने पाहू द्या. मग शिवणाच्या सुईने एकेक ढकलायला सांगा. स्वच्छ काचेवरचा बहुधा अख्खा सुटून वर जाईल. तेलावरचा ताणला जाईल, मधून तुटेल, वरचा भाग निघून जाईल आणि खाली छोटासा मणी त्याच जागी बसलेला राहील. थोडा वेळ थांबलात तर तोच पुन्हा फुगताना दिसेल.